पितळ उघडं पडलं

रेल्वेचं इंजिन पाकिटातून येतं, हे मला वयाच्या ६७व्या वर्षी कळलं. आत दोन पितळी पत्रे, एक चंदेरी पत्रा, तारेचं वेटोळं, पांढऱ्या धातूच्या ओतीव तुकड्यांची पुरचुंडी आणि झेरॉक्स केलेली चार पानं. पत्रे इतके पातळ, की पोस्टमनने दाराच्या फटीतून पाकीट आत सरकवलं आणि ते पायपुसण्यावर पडलं तेव्हा आमच्या हिला वाटलं, गॅसचं बिल आलं.

"अहो, इंजिन कुठंय यात?" तिने पाकीट उलटंपालटं करून विचारलं.

"यातच आहे. फक्त चपटं आहे."

"मग फुगवायचं का?"

पुढच्या चार महिन्यांच्या अनुभवावरून सांगतो, फुगवायचं असतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही दोघं मुलीकडे डर्बीला गेलो होतो. सहा महिन्यांचा व्हिसा. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईबापांची ड्यूटी ठरलेली असते. नातीला शाळेत सोडायचं, शाळेतून आणायचं, आणि मधल्या वेळात घरातलं कुठलंही बटण न दाबता बसायचं. नोव्हेंबर लागला की तिथं चारलाच दिवेलागण होते. पुण्याचा पेपर फोनवर सकाळीच वाचून झालेला. अशा माणसाला कोणीही कुठल्याही नादाला लावू शकतं. मला शेजाऱ्याने लावलं.

शेजारी ७८ वर्षांचा, निवृत्त औषधविक्रेता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. परसात एक लाकडी खोपट. इंग्लंडात म्हाताऱ्या पुरुषाला परसात खोपट असतंच, आणि आत तो नेमकं काय करतो हे घरच्यांनी विचारायचं नसतं. आपल्याकडे देवघराचा जो मान, तो तिथं या खोपटाचा. पहिल्यांदा आत शिरताना मी चपला काढणारच होतो. आत तिन्ही भिंतींना लागून छातीच्या उंचीवर अख्खं यार्ड पसरलेलं. रूळ, सांधे, सिग्नल, कोळशाच्या वाघिणी, ओल आलेली विटांची भिंत, भिंतीवर अर्धी फाटलेली जाहिरात, आणि तिच्याखाली खिशात हात घालून उभा असलेला करंगळीच्या पेराएवढा माणूस. त्या माणसाच्या बुटाला चिखल होता. मी चष्मा काढून पुन्हा लावला. चिखलच होता.

आता, छोट्या रेल्वेशी माझा संबंध म्हणाल तर कोथरूडच्या जोशींच्या संग्रहालयात पाहुण्यांच्या पोरांना घेऊन जाण्यापुरता. हाताने काही बनवल्याचा अनुभव म्हणजे दिवाळीचा किल्ला, तोही आठवीपर्यंत. त्यावर उभे केलेले मावळे गडापेक्षा उंच असत आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. पण शेजाऱ्याला मी चुकून सांगून बसलो, की लहानपणी मी पुणे स्टेशनच्या पुलावर तासन्‌तास उभा राहून इंजिनं बघायचो. झालं. दुसऱ्या दिवशी तो कुंपणापलीकडून म्हणाला, "तुम्ही एक बांधा. सुरुवात डिझेलपासून करा. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर गोल वळवावा लागतो. डिझेलचं काय, नुसतं खोकं."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. घर बांधायला निघालेल्या माणसाला कंत्राटदार "फक्त पायाचाच काय तो खर्च" म्हणतो, त्याच जातीचं हे वाक्य.

"पण हे दुकानात तयार मिळतं ना?" मी विचारलं.

"मिळतं की. रंगवलेलं, चालणारं, आवाजसुद्धा करणारं. माझ्या इंजिनांपेक्षा बरं चालतं."

"मग?"

"मग संध्याकाळी करायचं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून पाकीट आलं.

माझ्यासाठी निवडलं होतं ते ब्रिटिश रेल्वेचं क्लास ०८. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं सहा चाकांचं शंटिंगचं इंजिन. पुढे लांब बॉनेट, मागे केबिन, दोन्ही टोकांना गांधीलमाशीसारखे काळे-पिवळे पट्टे, म्हणजे यार्डात काम करणाऱ्या माणसाला ते अंगावर येताना दिसावं. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत अशी ९९६ इंजिनं बांधली, त्यातलं पहिलं डर्बीतच. ब्रिटनमध्ये डिझेलच्या दुसऱ्या कुठल्या जातीची एवढी पैदास झालेली नाही. ताकद ३५० घोड्यांची, पण वेग ताशी १५ मैल, फार तर २०. संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर हा वेग शर्यतीचा ठरेल. लोकांनी ठेवलेलं लाडाचं नाव 'ग्रॉंक'. म्हशीला शोभेल असं हे नाव ऐकूनच मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. शिवाय त्याच्या पोटातलं इंजिन इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं. आमच्या लहानपणी डेक्कन क्वीनच्या पुढे लागायचं ते विजेचं डब्ल्यूसीएम-१ त्याच कंपनीचं. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं. एकाला मुंबई-पुण्याची राणी मिळाली, दुसरा जन्मभर यार्डात हमाली करतो आहे. माझं मन हमालाकडे वळलं.

नातीचं मात्र वळलं नाही. टॉमस नावाच्या इंजिनाच्या गोष्टींत 'डिझेल' नावाचा एक लबाड, कागाळ्या करणारा खलनायक आहे, तो नेमका हाच. पाकिटातल्या पानांवरचं चित्र बघून ती म्हणाली, "आजोबा, हा वाईट आहे. हा खोटं बोलतो." पुढे मला कळलं की खोटं इंजिन बोलत नाही, सूचनापत्रक बोलतं.

पत्र्यांचं तंत्र मात्र मी पाहताक्षणी ओळखलं. माझी सगळी हयात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेली. पूर्वी लग्नपत्रिकेतला गणपती किंवा स्मरणिकेतला अध्यक्षांचा फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटवायचं, जिथं धातू ठेवायचा तिथं लेप राहू द्यायचा, बाकीचं ॲसिडने खाऊन टाकायचं. हे तेच. फक्त जस्ताऐवजी पितळ, आणि ॲसिडऐवजी फेरिक क्लोराइड. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार, एकाच बाजूने खाल्लं की अर्धी जाडी उरते. अर्धी खाल्लेली रेघ म्हणजे घडी घालायची जागा. अर्धा खाल्लेला ठिपका म्हणजे रिव्हेट. मागून सुईने टोचलं की पुढे डोकं वर येतं. चंदेरी पत्र्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. आपलं जर्मन सिल्व्हर तेच. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं; चांदी नावालाही नसते, म्हणजे नावालाच असते. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. त्या पत्र्यावर जाळ्या, बिजागऱ्या, शिडीच्या पायऱ्या, दारांच्या कड्या असं सगळं इतकं बारीक कोरलेलं, की मी तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसलो. रेडिएटरची जाळी तर पैठणीच्या पदरासारखी. तिथंच थांबायला हवं होतं. चौकट करून भिंतीवर लावला असता तर आज माझ्या बोटांवर एकही डाग नसता.

पण कामाला हात लावायच्या आधी शेजाऱ्याने इंजिनाची पत्रिका मागितली.

"कोणतं इंजिन बांधताय?"

"क्लास ०८."

"ते झालं. कोणत्या साली बांधलेलं? कोणत्या कारखान्यात? कोणत्या शेडचं? आणि तुम्ही दाखवताय ते कोणत्या सालचं?"

मला वाटलं ही सगळी इंजिनं सारखी. छे. काही नुसत्या व्हॅक्युम ब्रेकची, काहींना पुढे एअर ब्रेक बसवले. आधी काळी, मग हिरवी, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून निळी. कोणाची पेटी इकडे, कोणाची तिकडे. पत्र्यात सगळ्यांचेच सुटे भाग दिलेले असतात, आपल्या इंजिनाच्या जन्मवेळेप्रमाणे निवडून घ्यायचे. म्हणजे 'क्लास ०८' हे नुसतं गोत्र. रास, नक्षत्र, चरण सगळं पुढे. माझ्या स्वतःच्या लग्नात एवढं काटेकोर पाहिलं नव्हतं. मी "निळं, म्हातारपणीचं" एवढं सांगून सुटका करून घेतली.

मग निघालं गेजचं प्रकरण. ते जरा नीट सांगतो, कारण इंग्रज माणसात सोवळंओवळं नसतं असा आपला गैरसमज आहे.

खऱ्या रुळांतलं अंतर ४ फूट साडेआठ इंच. मॉडेलचं प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर. त्रैराशिक मांडा, १८.८३ मिलिमीटर येतात. पण इंग्लंडातल्या बहुतेक घरांतल्या गाड्या धावतात १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर. हे रूळ मूळचे फुटाला साडेतीन मिलिमीटर या प्रमाणाचे. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्या प्रमाणात बांधली तर त्या काळची मोटर पोटात मावेना. म्हणून इंजिन फुगवून चारच्या प्रमाणात नेलं आणि रूळ होते तसेच ठेवले. १९३८मध्ये हॉर्नबीने 'डब्लो' गाड्या त्याच मापात काढल्या आणि मग ते माप हाडीमाशी खिळलं. सदरा ४२चा आणि विजार ३६ची. खऱ्या हिशेबात ते रूळ सात इंच अरुंद पडतात. यावरून तीन पंथ झाले. पहिला ओओ, हे लोक १६.५वर गाड्या पळवतात, पोरांना खेळू देतात आणि सुखात असतात. दुसरा ईएम, यांनी रूळ १८.२पर्यंत रुंदावले. हे एकादशीला साबुदाणा खाणारे. तिसरा पी-४. हे पूर्ण १८.८३वर. हे निर्जळी. यांच्या चाकाची कडसुद्धा खऱ्याच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ नाहीच, त्यामुळे रुळावर केस पडला तरी गाडी घसरते. पण घसरते ती बरोबर मापात.

शेजारी पी-४वाला होता हे सांगायला नकोच.

"तुमच्याकडे भारतात काय अंतर?" त्याने विचारलं.

"साडेपाच फूट. म्हणजे साडेपाच चोक बावीस. बावीस मिलिमीटर."

"पुढे दशांश?"

"काही नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. पुण्याचं नाव मी त्याआधी चार वेळा सांगितलं होतं, ते त्याने या वेळी वहीत लिहून घेतलं.

इंजिन बांधायचं म्हणजे झाळकाम करायचं. आजकाल सगळे सोल्डरिंगच म्हणतात. शेजाऱ्याने एक जुनी सोल्डरिंगची इस्तरी, फॉस्फोरिक ॲसिडच्या फ्लक्सची बाटली आणि तीन प्रकारची सोल्डर दिली. एक १८८ अंशांना वितळणारं, एक १४५ला, एक ७०ला. जास्त तापमानाचं आधी वापरायचं, म्हणजे पुढचा सांधा करताना मागचा सुटत नाही. ऐकायला सोपं आहे. सुनेने स्वयंपाकघरात पाऊल टाकताना सासूने सांगितलेल्या सूचनाही ऐकायला सोप्याच असतात.

पहिल्या संध्याकाळी मी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला बसलो. मुलीच्या घरी छतावरच्या धुराच्या भोंग्याला 'फोडणीचा गजर' म्हणतात. मोहरी तडतडली की तो ओरडतो. फ्लक्सला तर तो मोहरीच्या आधीच ओरडायला लागला. जावईबापू स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालताहेत, नात टाळ्या वाजवते आहे, आणि मी इस्तरीच्या टोकावर सोल्डरचा गोळा घेऊन तो पोळीवर तूप सोडावं तसा सांध्यावर सोडतो आहे. गोळा सांध्यावर बसला आणि तिथंच राहिला. मोत्यासारखा. बोटाने ढकलला, तर घरंगळून खाली. दुसरा सोडला. तोही मोती. एका तासात माझ्याकडे एक सुटी माळ तयार झाली होती आणि इंजिन आलं तसंच चपटं.

ही पोळ्या लाटता लाटता बघत होती. शेवटी लाटणं हातात घेऊनच आली.

"अहो, तुम्ही कथील तापवताय. भांडं कोण तापवणार?"

मला आधी कळेना. मग ती म्हणाली, "कल्हईवाला विसरलात का?"

आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता. सगळ्या बिऱ्हाडांची पातेली, तपेली, परातींचा ढीग. तो पातेलं चिंचेने स्वच्छ करून निखाऱ्यावर धरायचा, फिरवत फिरवत तापवायचा, आणि ते पुरेसं तापल्याशिवाय कथलाच्या कांडीला हात लावायचा नाही. मग नवसागराची चिमूट टाकली की पांढराशुभ्र धूर उसळायचा, आम्ही पोरं खोकत मागे सरायचो. त्या धुरातच तो कांडी तळाला टेकवायचा, कापसाचा बोळा एकदा गरकन फिरवायचा, आणि आतून सगळं पातेलं आरशासारखं चकाकून उठायचं. मग पाण्यात चर्र. तीन सेकंदांचं काम. आमची ही वाड्यातल्या मुलींमध्ये पुढे बसून ते बघायची; मी शेजारीच बसायचो, पण माझं लक्ष कल्हईकडे नव्हतं. ते कुठं होतं हे आता ६७व्या वर्षी सांगत बसत नाही.

तर नवसागर म्हणजेच फ्लक्स, कथील म्हणजेच सोल्डर, आणि नियम एकच. तापवायचा तो पत्रा. तो तापला की कथील आपणहून पाण्यासारखं फटीत पळत जातं. मी इस्तरी पत्र्याला टेकवली, फ्लक्सचा थेंब सोडला, मनात तीनपर्यंत मोजलं, सोल्डर नुसतं लावलं. एक चंदेरी रेघ सर्रकन सांध्यातून धावत गेली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. ही म्हणाली, "हां." आणि पोळ्यांकडे वळली. निवृत्त औषधविक्रेत्याने मला दोन तास व्याख्यान दिलं होतं, त्यात हे होतंच म्हणा. पण इंग्रजीत होतं.

त्यानंतर मी फार वेगाने चुका करू लागलो.

सगळ्यांत मोठी केबिनची. अर्ध्या खाल्लेल्या रेघेवर घडी घालताना खाच आतल्या बाजूला यायला हवी, असा साधा नियम. छापखान्यात चाळीस वर्षं उलटे टाइप वाचलेल्या माणसाला कुठलीही वस्तू समोर आली की तिची उलटी बाजू सुलटी वाटते. केबिन घडी घालून, चारही कोपरे झाळून, मी अभिमानाने शेजाऱ्याकडे नेली. त्याने ती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आत डोकावला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "रिव्हेट ड्रायव्हरला दिसतील अशा बेताने लावलेत, हे नवीन आहे." सगळी रिव्हेट आतल्या बाजूला होती. सांधे तापवून सोडवले, पत्रा सरळ केला, उलट वाकवला. पितळ एकदा वाकतं, परत सरळही होतं, पण त्या रेघेवर तिसऱ्यांदा वाकायला सांगितलं की तुटतं. तुटलं. मग तुटलेल्या कडांना पुन्हा झाळलं. आज त्या कोपऱ्यावर सोल्डर जास्त आहे आणि पितळ कमी.

सूचनापत्रकातली भाषा हा स्वतंत्र विषय आहे. 'बॉनेटच्या कडांना योग्य तो गोलावा द्यावा.' योग्य तो म्हणजे किती, कशावर, कोणी, याचा पत्ता नाही. 'थोडं कानसावं लागेल.' थोडं म्हणजे तीन संध्याकाळी. 'यानंतरचं काम सरळ आहे.' हे वाक्य आलं की मी उठून चहा करून आणायचो. पत्रकावर ओतीव बफर '७० अंशांच्या सोल्डरने, बेताच्या उष्णतेने' लावायला सांगितले होते. मी गरम इस्तरीने लावायला गेलो. पांढऱ्या धातूचा बफर कुल्फीसारखा माझ्यासमोर विरघळला आणि टेबलावर त्याचं थारोळं झालं. राहिलेले तीन शेजाऱ्याने स्वतः लावले, आणि चौथा त्याच्या एका डब्यातून निघाला. त्या डब्यावर चिठ्ठी होती, 'वितळलेल्यांच्या बदली'. तेव्हा जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन हिरवं पडलेलं. फ्लक्समधलं ॲसिड धुतलं नाही तर पितळ रात्रीत कळकतं. शेजाऱ्याकडे त्यावर कसलासा बाथरूम साफ करायचा द्राव होता. हिने अर्ध्या लिंबावर मीठ घेतलं, जुन्या टूथब्रशने अख्खं बॉनेट घासलं आणि समईशेजारी वाळत ठेवलं. शेजारी ते बघायला मुद्दाम आला. लिंबाचा वास घेतला आणि प्रमाण विचारलं. "अंदाजे," ही म्हणाली. पी-४वाल्याला एवढा आघात कोणी केला नसेल.

काचतंतूंच्या पेन्सिलीबद्दल एवढंच सांगतो, की पत्रा घासायला ती उत्तम, पण तिचे तुटलेले तंतू बोटात शिरले की खाजकुइली परवडली. रात्री पांघरुणात कळतं.

चाकांना फिरवणारे दांडे हे मात्र खरं रामायण. मोटर एकाच आसाला फिरवते, बाकीच्या दोघांना बाहेरचे दांडे ओढत नेतात. डाव्या बाजूची खुंटी बारावर असेल तेव्हा उजव्या बाजूची तीनवर हवी, बरोबर काटकोनात, आणि तिन्ही आसांवर तेवढीच. नाही तर गाडी अर्ध्या फेऱ्यात आवंढा गिळते. आमच्या लग्नाला ४१ वर्षं झाली. तिचे बारा वाजतात तेव्हा माझे तीन, हे आम्हाला न मोजता जमलेलं आहे. चाकांना जमवायला दोन आठवडे गेले. मग खुंटीवर दांडा अडकवून पुढे वॉशर झाळायचा. इथं सोल्डर पाण्यासारखं पळतं याचा आनंद संपतो, कारण ते दांड्याच्या भोकातही पळतं, आणि चाक, दांडा, खुंटी सगळं एकजीव होऊन बसतं. माझं बसलं. मध्ये तेलात भिजवलेला कागदाचा कपटा ठेवायचा असतो. ही गोष्ट पत्रकात होती, पुढच्या पानावर.

आणि ती पायरी. सहा मिलिमीटरची, जाळीदार, पुढच्या टोकाची डाव्या बाजूची पायरी. मी तिला चिमट्यात धरली, चिमटा जरा जास्त आवळला, 'टिंग' असा अगदी मंजुळ आवाज झाला आणि चिमटा रिकामा. गालिचा बदामी, पायरी पितळी. नातीला मी फ्रिजवरचं लोहचुंबक दिलं आणि टेबलाखाली पाठवलं. पोरीने पाऊण तास रांगून तीन स्टेपलरच्या पिना, एक टाचणी आणि तिच्या आईची हरवलेली केसांची क्लिप काढली. मग जावयाने लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, "बाबा, पितळ चुंबकाला चिकटतं का?"

रंग शेजाऱ्याने फवारला. काळे-पिवळे पट्टे मी चिकटवले. त्यातला एक जरा तिरका आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी, परतीच्या पाच दिवस आधी, इंजिन त्याच्या यार्डात रुळावर ठेवलं. ११७ मिलिमीटर लांब, माझ्या वितीपेक्षाही कमी, पण हातात घेतलं की धातूचं वजन जाणवतं. त्याने कंट्रोलरची मूठ फिरवली. काही झालं नाही. आणखी फिरवली. काही नाही. मग त्याने बोटाने हलकेच ढकललं आणि ते निघालं. एका फेऱ्यात किंचित लंगडत, गुडघ्याची वाटी घासल्यासारखं, कोळशाच्या दोन वाघिणी ढकलत ते भिंतीपर्यंत गेलं. तो चिखलाच्या बुटाचा माणूस तसाच उभा. नात म्हणाली, "आजोबा, तो चांगला झाला." शेजारी म्हणाला, "खऱ्याचा वेगही एवढाच असतो." त्याच्या तोंडून हे प्रशस्तिपत्र आहे, हे मला हिने घरी आल्यावर सांगितलं.

विमानतळावर हातातली बॅग यंत्रातून गेली आणि थांबली. पडद्यावर पितळेचा गठ्ठा, आत मोटर, वायरी. अधिकाऱ्याने बॅग बाजूला घेतली, हातमोजे घातले, माझ्या जुन्या मोज्यात गुंडाळलेलं इंजिन बाहेर काढलं. ही माझ्याकडे बघते आहे, मी छताकडे. त्या माणसाने ते उजेडाकडे धरलं, खालून बघितलं, चाक बोटाने फिरवलं.

"०८," तो म्हणाला. "स्वतः बांधलंत?"

"हो."

"पी-४?"

"हो."

त्याने ते पुन्हा मोज्यात गुंडाळलं. "पुढची डावी पायरी राहिली आहे," असं म्हणून बॅग माझ्याकडे सरकवली.

आता ते पुण्यात आहे, हिच्या लखलखीत तांब्याशेजारी फळीवर, शेजाऱ्याने निरोपाला दिलेल्या वीतभर रुळाच्या तुकड्यावर. १८.८३चे रूळ ठेवणारं दुकान मला पुण्यात सापडलेलं नाही, त्यामुळे ते कुठं जात नाही आणि येत नाही. डर्बीचं ते घर मुलीने गेल्या महिन्यात सोडलं. गालिचे तिथंच आहेत. त्या घरात तुमच्या ओळखीचं कोणी राहायला गेलं आणि बदामी गालिचा झाडताना सहा मिलिमीटरची पितळी जाळी हाती लागली, तर कृपया टाकू नका. ती माझी आहे. पत्ता संपादकांकडे आहे.